जवसाचं कापड, एरंडेल आणि रेसची विमानं

प्रश्न : नमस्कार सर, आमचं घर अशोक चौकाजवळ, तीन पिढ्या टॉवेल आणि चादरीचे माग. मुलाच्या पुस्तकात वाचलं की पहिल्या महायुद्धातल्या विमानांचे पंख कापडाचे असायचे. खरंच साधं कापड का? मग एवढ्या वाऱ्यात फाटत कसं नव्हतं? आणि आमच्या मागावर असं कापड निघालं असतं का?
(एक यंत्रमागधारक, सोलापूर)

उत्तर : हो, कापडच. पण सुती नाही, लिनन. आणि लिनन म्हणजे जवसाच्या खोडातल्या तंतूचं कापड. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो तीच ही जात, फक्त आपल्याकडं बियांसाठी बुटकं वाण लावतात आणि तिकडं आयर्लंड, बेल्जियम, रशियात तंतूसाठी उंच वाढणारं. वजनाला हलकं, ताणाला चिवट, आणि ओलं झालं की अजून मजबूत होतं, म्हणून सगळ्यांची पसंती त्याला. ब्रिटिश विमानांसाठीचं कापड चौरस मीटरला साधारण १३५ ग्रॅम भरायचं, वीण एकदम साधी, एक वर एक खाली.

तुमच्या मागावर निघालं असतं का? वीण सोपी आहे, टॉवेलपेक्षा कितीतरी सोपी. अडचण सुताची. लिननच्या सुताला लवचीकपणा जवळजवळ नसतोच, कोरड्या हवेत ताणा सारखा तुटतो. आयर्लंडच्या उत्तरेकडची हवा दमट म्हणून तिथं हा धंदा वाढला. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या हवेत सुती ताणासुद्धा किती तुटतो ते मी तुम्हाला काय सांगणार, लिनन लावायचं तर शेडमध्ये सारखं पाणी फवारावं लागलं असतं.

आता फाटण्याचं. कापड नुसतं गुंडाळलेलं नसायचं बरं का. पंखाच्या लाकडी फासळ्यांवर ते शिवायचे, सुई वरून खाली आरपार, कारण विमान उडताना पंखाच्या वरच्या बाजूला हवा कापड वर ओढत असते, टाके नसतील तर ते फुगून सुटेल. टाक्यांवर परत पट्टी चिकटवायची आणि मग ब्रशनं डोप नावाचं द्रावण, एकावर एक हात. डोप वाळला की कापड आकसतं, आणि हलगी शेकल्यावर बोट मारलं की जशी टणकन वाजते तसा पंख वाजायला लागतो. हवाही आरपार जात नाही. तरी फाटायचंच कधीकधी. १९१८ साली न्यूपोर्ट २८ या फ्रेंच विमानाचं वरच्या पंखाचं कापड वेगानं खाली झेपावताना उचकटून गेल्याच्या घटना झाल्या. आपला इंद्रलाल रॉय, कलकत्त्याचा पोरगा, १९१८ च्या जुलैमध्ये दोन आठवड्यांच्या आत १० हवाई विजय मिळवणारा आणि २२ जुलैला अवघ्या १९ व्या वर्षी पडलेला, त्याच्या एसई५ए विमानाचे पंखही असेच शिवलेले, डोप लावलेले होते.

एक गोष्ट विचारली नाहीत तरी सांगतो, कारण कारखान्यात काम करणाऱ्यांची आहे. सुरुवातीच्या डोपमध्ये टेट्राक्लोरोइथेन नावाचं द्रावक असायचं, त्याच्या वाफेनं इंग्लंडच्या विमान कारखान्यांतल्या कामगारांना, त्यात बायका-मुली बऱ्याच, कावीळ झाली आणि काही जणी दगावल्या. युद्ध चालू असतानाच ते द्रावक सोडावं लागलं. पायलटांचे पुतळे उभे राहिले, या बायकांची नावं कुठं दिसत नाहीत, मला हे फार लागतं.

प्रश्न : सर, जुन्या विमानांच्या इंजिनात एरंडेल घालायचे हे खरं का? आमची आजी लहानपणी पोट साफ व्हायला द्यायची तेच ना?
(एक वाचक, अक्कलकोट रोड)

उत्तर : तेच. त्या काळी रोटरी इंजिन असायचं, म्हणजे मधला दांडा विमानाला पक्का बसवलेला आणि त्याच्याभोवती सगळे सिलिंडर पंख्यासकट गरगर फिरणार, फिरता फिरता आपोआप गार होणार. यात पेट्रोल आणि ऑइल दोन्ही इंजिनाच्या पोटातूनच जायचं, म्हणून पेट्रोलमध्ये न विरघळणारं तेल पाहिजे, आणि एरंडेल तसं आहे, शिवाय तापलं तरी टिकतं. वापरलेलं तेल परत टाकीत येत नसे, धुराबरोबर बाहेर, आणि बाहेर म्हणजे थेट पायलटच्या तोंडावर. तासभर ते हुंगून-गिळून खाली उतरलेल्या पायलटचं पोट बिघडायचं. हरदित सिंग मलिक या भारतीय पायलटनं १९१७ मध्ये ज्या सॉपविथ कॅमलवर लढाई केली ते असंच रोटरीवालं विमान. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलंय.

प्रश्न : यूट्यूबवर एकजण सांगत होता की स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान रेसच्या विमानातूनच जन्मलं. दुसरा म्हणतो रेस म्हणजे श्रीमंतांचा शौक, त्याचा लढाईशी संबंध नाही. खरं कोणाचं?
(इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सोलापूर)

उत्तर : दोघांचंही अर्धं. हे जरा लांबेल, पण प्रश्न माझ्या आवडीचा आहे.

आधी फ्रान्सकडं बघ. १९१२ पर्यंत विमानाचा सांगाडा म्हणजे काठ्यांची चौकट आणि तारा. लुई बेशेरो या डिझायनरनं देपेर्दुसाँ कंपनीसाठी लाकडाच्या पातळ पट्ट्यांचे थर साच्यावर आडवे-तिडवे चिकटवून अंड्यासारखी पोकळ, गुळगुळीत कवची बनवली. त्या विमानानं १९१२ मध्ये शिकागोला गॉर्डन बेनेट रेस जिंकली आणि १९१३ मध्ये रँसला ताशी २०० किलोमीटर ओलांडले. पुढं मालक देपेर्दुसाँ आर्थिक घोटाळ्यात अटक झाला, कंपनी ब्लेरिओ वगैरे मंडळींनी घेतली, नाव बदललं पण आद्याक्षरं तीच ठेवली, स्पॅड. आणि याच बेशेरोनं महायुद्धातली स्पॅड ७ आणि स्पॅड १३ ही फायटर केली. पण गंमत बघ, ती दोन मजली पंखांची. कारण दोन पंख, मधले खांब आणि तिरप्या तारा मिळून पेटीसारखा कडक सांगाडा होतो, रेसच्या एकट्या पातळ पंखाला लढाईतल्या कोलांट्या झेपल्या नसत्या. म्हणजे विमान नाही गेलं रेसमधून युद्धात, माणूस आणि त्याचं शिक्षण गेलं.

इंग्लंडमध्ये सरळ रस्ता दिसतो. सॉपविथ टॅब्लॉइडनं १९१४ ला मोनॅकोत श्नायडर ट्रॉफी, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांची रेस, जिंकली, ताशी जवळपास १४० किलोमीटरनं, आणि त्याच घराण्यातून पुढं पप आणि कॅमल ही लढाऊ विमानं आली.

आता स्पिटफायर. स्पिटफायरचा डिझायनर आर. जे. मिचेल, त्याच्या एस.५, एस.६, एस.६बी या विमानांनी १९२७, १९२९ आणि १९३१ ला श्नायडर ट्रॉफी जिंकून ती कायमची इंग्लंडला नेली. १९३१ ला सरकारनं पैसे द्यायला नकार दिला तेव्हा लेडी ह्यूस्टन या बाईंनी १ लाख पौंड दिले, नाहीतर तो सामना झालाच नसता. वेग ५४७ किलोमीटर. मग या माणसाचं पहिलं फायटर कसलं धावलं असेल असं वाटतं ना? टाइप २२४, १९३४, वेग ३७० च्या आसपास, चाकं बाहेरच लटकलेली, इंजिन सारखं तापायचं. फेल गेलं. रेसच्या विमानावर बंदूक बसवली की फायटर होत असतं तर हे झालं नसतं. मिचेलनं परत पहिल्यापासून विचार केला आणि ५ मार्च १९३६ ला स्पिटफायर उडालं, पुढच्या वर्षी जूनमध्ये तो कॅन्सरनं गेला, वय ४२. त्यातलं मर्लिन इंजिन म्हणजे रेसच्या रोल्स-रॉइस आर इंजिनाची लहान कॉपी नव्हे, आर ३६.७ लिटरचं आणि मर्लिन २७ लिटरचं, वंशही वेगळा. पण टेस्टबेडवर इंजिन फुल पळवायचं, काय तुटतं ते बघायचं, तो भाग सुधारायचा, परत पळवायचं, सुपरचार्जरनं जास्त हवा कोंबायची, हे सगळं त्याच इंजिनिअरांनी आर वर शिकून घेतलं होतं. माझं मत विचारशील तर रेसचा खरा फायदा हा, डिझाइन नव्हे.

प्रश्न : मी सहावीत आहे. रेसची विमानं पाण्यावर का उतरायची? आपल्या सिद्धेश्वर तलावात उतरलं असतं का?
(एक विद्यार्थिनी)

उत्तर : बाळ, तलावात नसतं उतरलं, त्याला समुद्राचं लांबलचक मोकळं पाणी लागायचं. जोरात उडण्यासाठी पंख छोटे ठेवलेले, त्यामुळे हवेत टिकायलाही वेग जास्त पाहिजे, आणि पुढचा पंखा फक्त फुल स्पीडसाठी बनवलेला, सुरुवातीला तो हवा नीट पकडायचाच नाही. म्हणून खूप लांबपर्यंत पळत जायचं, तेव्हा कुठं उचलायचं. एवढी लांब धावपट्टी त्या काळी जमिनीवर कुठं होती? समुद्र मात्र फुकट आणि लांबलचक. शिवाय ज्यांनी बक्षीस ठेवलं त्या जाक श्नायडरना वाटायचं की पृथ्वीवर पाणीच जास्त, तर पुढची विमानं पाण्यावरचीच असणार.

एस.६बी च्या पायाला दोन मोठे तरंगते डबे होते, फ्लोट म्हणतात. पेट्रोल त्यातच भरायचं, आणि उजव्या डब्यात जास्त, डाव्यात कमी. का? इंजिन एवढं ताकदवान की पंखा फिरायला लागला की विमान उलट्या बाजूला कलायचं आणि डावा डबा पाण्यात दबायचा, म्हणून उजवीकडं वजन जास्त.