वडिलांचे मणके आधीच जोडलेत, आता वरची चकती झिजली. कोणतं ऑपरेशन करावं?

भाऊ, वडिलांचा कमरेचा चौथा-पाचवा मणका आठ वर्षांपूर्वी स्क्रू टाकून जोडला, आता त्याच्या वरची चकती झिजली, आणि रावेरच्या केळीच्या बागेत बांधापर्यंतही चालवत नाही, असं लिहिलंय तुम्ही. जोडलेला भाग हलत नाही, म्हणून वाकण्याचा ताण शेजारच्या मणक्यावर येतो. जुनं ऑपरेशन बिघडलंच असेल असं नाही.

एमआरआयसोबत पुढे-मागे वाकून काढलेला एक्स-रे मागा, सगळं त्यावर ठरतं. मणका सरकत नसेल आणि दुखणं मुख्यतः पायात असेल, चालताना वाढणारं, बसल्यावर थांबणारं, तर नुसती दबलेली नस मोकळी करणं मला बरं वाटतं. ऑपरेशन छोटं, माणूस लवकर घरी. पुढे मणका सरकण्याचा धोका मात्र राहतो. आधीच सरकत असेल तर जोडणी वर वाढवावी लागते, आणि मग ताण आणखी वरच्या मणक्यावर जातो. काही सर्जन कुशीतून जातात, म्हणजे पाठीतला जुना व्रण टळतो. मणक्याचे मागचे सांधे झिजलेले असतील तर कृत्रिम चकती बसवत नाहीत.

तंबाखू, विडी आजच सोडायला लावा. तिच्यामुळे हाड नीट जुळत नाही. साखर आणि हाडांची घनताही तपासा. जुने स्क्रू कोणत्या कंपनीचे हे डिस्चार्जच्या कागदांत शोधा, काढायची वेळ आली तर बहुधा त्याच कंपनीची हत्यारं लागतात. जळगावला एक मत घ्या, नाशिक किंवा मुंबईला दुसरं.

पण लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेना, तर मतं गोळा करत बसू नका, त्याच रात्री दवाखान्यात न्या.