विश्व प्रसरण पावतंय, मग दीर्घिका (म्हणजे ताऱ्यांचे अवाढव्य समूह) एकमेकींवर आदळतात कशा?

कारण प्रसरणाचा वेग अंतरावर ठरतो. दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे तो सेकंदाला साधारण ७० किलोमीटरने वाढतो. अब्जावधी प्रकाशवर्षांवर तो प्रचंड होतो, पण शेजारच्या दीर्घिकांमध्ये गुरुत्वाकर्षण सहज बाजी मारतं.

आपली शेजारीण देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकाच बघा. ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. नुसतं प्रसरणाचं गणित मांडलं तर ती सेकंदाला पन्नासेक किलोमीटरने लांब जायला हवी. प्रत्यक्षात ती आपल्या आकाशगंगेकडे सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने येते आहे! तिचा प्रकाश वर्णपटात निळ्या बाजूला सरकलेला असल्याचं (ही जवळ येण्याची खूण) खगोलशास्त्रज्ञ व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ सालीच मोजलं होतं, विश्वाचं प्रसरण कळण्याच्याही आधी. पूर्वी या दोघीही एकमेकींपासून दूरच जात होत्या; पण परस्परांच्या ओढीने (त्यात मोठा वाटा कृष्णद्रव्याचा, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षण असणाऱ्या द्रव्याचा) तो वेग मंदावत शून्यावर आला आणि मग उलटला.

अशा टकरीत तारे सहसा एकमेकांवर आदळत नाहीत, त्यांच्यातली अंतरं फारच मोठी असतात. आदळतात ते वायूचे ढग, आणि त्यातून नवे तारे धडाक्याने जन्मतात. हस्त नक्षत्राच्या भागातल्या अँटेना या एकमेकींवर आदळणाऱ्या दोन दीर्घिकांमध्ये हे चाललेलं दुर्बिणीतून स्पष्ट दिसतं.