‘फोर लास्ट साँग्ज’चं जेसी नॉर्मनचं रेकॉर्डिंग फार संथ वाटलं. दुसरं कोणतं ऐकू?

तुमच्या कानांचा काही दोष नाही. रिचर्ड स्ट्राउसच्या या चार गाण्यांतलं शेवटचं, ‘इम आबेंडरोट’ (संध्याकाळच्या लालीत), गायिका नॉर्मन आणि वाद्यवृंद-संचालक कुर्ट माझुर (1982) जवळजवळ 10 मिनिटं चालवतात. गायिका लिसा डेला कासा आणि संचालक कार्ल ब्योम (1953) तेच 6 मिनिटांच्या आसपास संपवतात. आधी हे ऐका. मोनो आहे, वाद्यवृंद जरा मागे राहतो, पण दिवसभर हातात हात घालून फिरलेलं गाण्यातलं जोडपं संध्याकाळी दमून थांबलंय, हे कळतं. नॉर्मनकडे ते केव्हाच थांबलेलं असतं!

ब्योमकडे गाण्यांचा क्रम वेगळा आहे, गोंधळू नका. स्ट्राउस 1949 मध्ये गेला, त्याने ही गाणी वाद्यवृंदासह ऐकलीच नाहीत. आज रूढ असलेला क्रम त्याच्या मागे प्रकाशकाने लावला.

मग तुलना करायची असेल तर अख्खी रेकॉर्डिंग्ज लागोपाठ लावू नका, सगळं एकमेकांत मिसळतं. एकच जागा धरा. माझी जागा या चारांतल्याच ‘बाइम श्लाफेनगेहेन’ (झोपी जाताना) या गाण्यातली: दोन कडवी झाली की एकटं व्हायोलिन गायला लागतं, आणि मग गायिका तीच सुरावट उचलते. गुंडुला यानोविट्झ (संचालक कारायान, बर्लिन फिलहार्मोनिक) इथे स्वतःच व्हायोलिन होते. शब्द मात्र हाती लागत नाहीत. श्वार्झकॉफ (संचालक सेल, 1965) नेमकी उलट, एकेक शब्द घासूनपुसून समोर ठेवते. कितीतरी जण तिच्यावर जीव टाकतात; मला तिसऱ्यांदा ऐकताना ती शिकवणी घेतेय असं वाटायला लागतं. आणि नॉर्मनचंही याच जागी पुन्हा ऐकून बघा. इतक्या संथ लयीत तो दमसास! मी घरी नेहमी यानोविट्झच लावतो, ते सोडा.

पहिल्या प्रयोगाचंही रेकॉर्डिंग मिळतं: 22 मे 1950, लंडन, कर्स्टन फ्लागस्टाड आणि फुर्टव्हेंगलर. ते अगदी शेवटी ऐका, कारण खरखर भयंकर आहे. पण त्या प्रयोगाच्या खर्चाची हमी आपल्या म्हैसूरच्या महाराजांनी घेतली होती, आणि ते ध्वनिमुद्रण झालं तेही त्यांना घरबसल्या ऐकता यावं म्हणून.