सुंदर फोटो असताना ग्रहीय तेजोमेघ अतिनील किरणांत का बघायचे?

तुमचा प्रश्न असा की, ग्रहीय तेजोमेघांचे इतके देखणे फोटो साध्या प्रकाशात मिळतात, मग त्यांच्यासाठी अतिनील दुर्बीण अवकाशात नेण्याचा खटाटोप कशाला? माझ्या मते सगळ्यात मोठं कारण कार्बन. पण आधी ताऱ्याकडे बघू.

सूर्यासारखा तारा म्हातारपणी बाहेरचे थर सोडून देतो आणि त्याचा गाभा उघडा पडतो. सुटलेल्या थरांचा हा चमकता वायू म्हणजेच ग्रहीय तेजोमेघ. (ग्रहांशी याचा संबंध नाही, दुर्बिणीतून चकतीसारखे दिसले म्हणून खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलनं दिलेलं नाव टिकलं.) या गाभ्याचं तापमान 30,000 अंशांपासून लाखाच्याही पुढे असतं, त्यामुळे तो बहुतेक ऊर्जा अतिनील किरणांतच फेकतो. फोटोतले रंग म्हणजे तीच ऊर्जा शोषून वायूनं परत सोडलेला प्रकाश. मूळ किरण हवेतले ओझोन आणि ऑक्सिजन अडवतात, म्हणून अवकाशात जावं लागतं.

प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडतं, प्रकाश फाकवला की तो रेषांसारखा दिसतो. साध्या प्रकाशात ऑक्सिजनची 500.7 नॅनोमीटरची हिरवी रेषा झगझगीत दिसते, कार्बनच्या रेषा मात्र अगदी फिक्या. त्याच्या ठळक रेषा 155 आणि 191 नॅनोमीटरजवळ, म्हणजे थेट अतिनीलमध्ये. त्या मोजल्या की कार्बन जास्त की ऑक्सिजन, हे कळतं. ऑक्सिजन जास्त असेल, तर ताऱ्यातून वाळूच्या जातीची सिलिकेटी धूळ निघते. कार्बन जास्त असेल, तर ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइडमध्ये अडकतो आणि उरलेल्या कार्बनची काजळी होते. हा कार्बन ताऱ्यानं स्वतःच्या पोटात हेलियमपासून घडवून वर आणलेला असतो. मला हे मोजमाप म्हणूनच फार मोलाचं वाटतं.

यात एक अडचण आहे. वाटेतली धूळ अतिनील किरण फार खाते, विशेषतः 217 नॅनोमीटरच्या आसपास. त्यावरचा उपाय सुरेख आहे: आयनीभूत (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) हेलियमच्या 164 आणि 468.6 नॅनोमीटरच्या रेषांचं गुणोत्तर सिद्धांतानं ठाऊक आहे. पहिली जितकी कमी भरेल, त्यावरून धुळीनं किती खाल्लं ते काढता येतं.

प्रतिमाही नवं दाखवतात. 2015 साली सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या 38 सेंटिमीटरच्या अतिनील दुर्बिणीला एनजीसी 6302 या फुलपाखरी तेजोमेघात, दिसणाऱ्या पंखांच्याही बाहेर पसरलेली दूर-अतिनील प्रभा सापडली. ती बहुधा हायड्रोजनच्या रेणूंची असावी.

हात घालायचा असेल, तर 1978 ते 1996 चाललेल्या इंटरनॅशनल अल्ट्राव्हायोलेट एक्स्प्लोरर या अवकाश दुर्बिणीचे वर्णपट (कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश, याचे आलेख) सर्वांना खुले आहेत. एनजीसी 6543 या ग्रहीय तेजोमेघाच्या मधल्या ताऱ्याचा वर्णपट उघडा. कार्बनच्या रेषेच्या डाव्या अंगाला खळगा दिसेल. तो ताऱ्यावरून आपल्या दिशेनं सुटलेल्या वायूच्या झोताचा, म्हणजे वाऱ्याचा. खळग्याची डावी कड 154.8 नॅनोमीटरपासून किती सरकली ते मोजा. 1 नॅनोमीटर सरकणं म्हणजे वाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे 1,900 किलोमीटर. तेजोमेघ स्वतः सेकंदाला जेमतेम 20-30 किलोमीटरनं पसरत असतो, आणि मागून हा वारा त्याच्यावर आदळत असतो.