चौकात उजवीकडे वळताना भीती वाटते, काय करू?
भीती साहजिक आहे. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते, म्हणून उजवीकडे वळताना समोरून येणारी रहदारी ओलांडावी लागते. साधारण ३० मीटर आधी इंडिकेटर द्या, मधल्या रेषेजवळ या.

थांबावं लागलं तर स्टिअरिंग सरळच ठेवा. हे फार कमी जण शिकवतात. चाकं आधीच वळवलेली असताना मागून कुणी धडकलं, तर गाडी थेट समोरच्या वाहनांपुढे जाते.

गाडीच्या पुढच्या काचेशेजारच्या खांबाआड अख्खी दुचाकी लपते, मान पुढेमागे करून बघाच. समोरच्या बसवाल्याने 'जा' म्हणून हात दाखवला तरी बसच्या पलीकडून स्कूटर येत असू शकते. डावीकडे वळताना डावा आरसा बघा, आणि रस्ता ओलांडणाऱ्यांना आधी जाऊ द्या.