कणवेने घसरलेले शब्द

चि. विद्यार्थ्यास,

सप्रेम आशीर्वाद.

इंग्रज कवी मिल्टनच्या ख्रिस्तजन्मावरील कवितेचा तू पाठवलेला अनुवाद दोनदा वाचला. छंदाविषयीच्या सूचना समासात पेन्सिलीने लिहिल्या आहेत. त्या सवडीने पाहाव्यास. हे पत्र लिहितो आहे ते एकाच शब्दासाठी. मेंढपाळांच्या कडव्यात पहाटेपूर्वी ओळीने बसून गप्पा मारणारी ती माणसे येतात आणि कवी म्हणतो की, त्यांच्या 'सिली' विचारांत त्या वेळी आपापल्या प्रेयसी असतील, नाही तर मेंढ्या असतील. तू तेथे 'बावळट विचार' असे लिहिले आहेस. आजच्या कोणत्याही शाळकरी कोशाच्या आधारे तुझा शब्द बरोबर ठरेल; परंतु ही कविता १६२९ मधली आहे, आणि ज्यांच्या कानी देवजन्माची वार्ता सर्वांत आधी पडायची आहे, त्यांनाच कवी बावळट कसा म्हणेल, ही शंका तुला यायला हवी होती.

या शब्दाचे मूळ जुन्या इंग्रजीत 'गेसॅलिग' असे सापडते आणि त्याचा अर्थ सुखी, भाग्यवान, ईश्वरी कृपा लाभलेला असा होता. त्याचा जर्मन भाऊ 'सेलिग' आजही धन्य या अर्थाने नांदतो, आणि आपण 'कैलासवासी' म्हणतो तसा दिवंगत माणसाच्या नावामागेही लागतो. इंग्रजीतला भाऊ मात्र पायरीपायरीने खाली आला. ज्याच्यावर देवाची कृपा आहे तो निष्पाप. जो निष्पाप आहे तो कोणाचे वाईट करणार नाही. जो कोणाचे वाईट करू शकत नाही त्याचे इतर लोक वाईट करतील, म्हणून तो बिचारा. जो बिचारा तो दुबळा. आणि जो दुबळा त्याला अक्कल कमी असणार, असे पाहणाऱ्याने गृहीत धरले. सोळाव्या शतकात मूर्खपणाचा अर्थ पुढे येऊ लागला, तरी जुने अर्थ लगेच मेले नाहीत. मिल्टनच्या ओळीत 'साधेसुधे, निष्कपट' हाच अर्थ जिवंत आहे.

हा उतार प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरने लिहिलेली, पिठाच्या गिरणीवाल्याच्या तोंडी घातलेली सुताराची गोष्ट वाच. बायबलातल्या नोहाच्या काळासारखा महापूर पुन्हा येणार, अशी थाप घरातल्या भाडेकरू विद्यार्थ्याने मारल्यावर हा म्हातारा सुतार छताला टांगलेल्या काथवटीत जाऊन झोपतो, आणि त्याची तरुण बायको त्या विद्यार्थ्याबरोबर रात्र घालवते. चॉसर या सुताराला पुन्हा पुन्हा 'सीली' म्हणतो. हा 'सीली' म्हणजे आपला 'सिली'च. आता हा शब्द कणवेने उच्चारला आहे की मिशीतल्या मिशीत हसून? मी ही गोष्ट अनेक वर्षे वर्गात शिकवली आणि दर वर्षी विद्यार्थ्यांत यावरून दोन तट पडत. माझे मत विचारशील तर दोन्ही भाव एकाच वेळी तेथे आहेत. शब्दाचा अर्थ बदलतो तो अशाच जागी, जेथे ऐकणाऱ्याला दोन्ही अर्थ एकदम पटतात.

यावरून मी जे सांगू पाहतो आहे ते असे. साधेपणाचे शब्द मूर्खपणाकडे घसरले की, जगाला चांगुलपणाची किंमत नाही, असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना होतो. एकोणिसाव्या शतकातील काही इंग्रज धर्मपंडितांनी तर यात माणसाच्या अधःपतनाचा पुरावाच पाहिला. मला हे स्पष्टीकरण फार सोपे वाटते. या शब्दांना खाली ओढणारा हात बहुतेक वेळा तिरस्काराचा नव्हता, तो दयेचा होता. आपल्याच 'बिचारा' या शब्दाकडे पाहा. फारसीत त्याचा अर्थ 'ज्याच्यापुढे काही उपाय उरला नाही असा'. आपण तो सहानुभूतीने वापरतो. पण एखाद्याला चारचौघांत 'बिचारा' म्हटलेले त्याला स्वतःला आवडते का, हे विचारून बघ. कीव करणारा माणूस नकळत वरच्या पायरीवर उभा राहतो आणि शब्द खालच्या पायरीवर जातो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण 'क्रेटिन' (आज 'मूर्ख' या अर्थाची शिवी) हे आहे. आल्प्सच्या दऱ्याखोऱ्यांत गलगंड झालेली, खुंटलेल्या वाढीची आणि मंद बुद्धीची माणसे पुष्कळ असत. तेथल्या फ्रेंच बोलीत त्यांना जो शब्द होता तो मुळात 'ख्रिश्चन' हाच. ही दिसायला कशीही असली तरी आपल्यासारखीच माणसे आहेत, पशू नव्हेत, एवढेच त्यात सांगायचे होते. अठराव्या शतकात तो वैद्यकात शिरला, फ्रेंच विचारवंत दिदरोच्या विश्वकोशात त्याच्यावर नोंद आली, आणि पुढे तो युरोपभर शिवी म्हणून पसरला. रोगाचे कारण अन्नपाण्यातील आयोडीनची कमतरता हे होते. स्वित्झर्लंडमध्ये १९२२ पासून आयोडीनयुक्त मीठ देण्यास सुरुवात झाली आणि तो रोग ओसरला. तुमच्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या पुडीवर 'आयोडीनयुक्त' असे छापलेले असते, ते याच ज्ञानातून. रोग गेला, शिवी मात्र राहिली.

'डाफ्ट' या शब्दाची कथा थोडक्यात आटोपतो. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सौम्य, विनीत, योग्य असा होता. त्याच शब्दातून दोन मुले झाली: 'डेफ्ट' म्हणजे कुशल हाताचा आणि 'डाफ्ट' म्हणजे खुळा. आपल्याकडे 'मुग्ध' आणि 'मूढ' ही अगदी अशीच जोडी आहे. दोन्ही 'मुह्' या एकाच धातूची भूतकालवाचक रूपे असून, एक आपण मुलीचे नाव म्हणून हौसेने ठेवतो आणि दुसरे कोणाला म्हणालो तर भांडण होते.

'सिंपल' या शब्दापाशी तुला जास्त सावध राहावे लागेल. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ 'एकच घडी असलेला'. म्हणजे ओठांत एक आणि पोटात दुसरे असे ज्याचे नाही तो. ही स्तुती झाली. पण एकच घडी म्हणजे आत लपवलेले काही नाही, आणि आत काही नाही म्हणजे डोके रिकामे, हा अर्थही चौदाव्या शतकापासून सोबत चालत आला. १६११ च्या इंग्रजी बायबलात एका स्तोत्रात परमेश्वर 'सिंपल' माणसांचे रक्षण करतो, तर नीतिसूत्रांत 'सिंपल' माणूस ऐकलेल्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवतो. एकाच ग्रंथात एक भोळा आणि दुसरा भोळसट! शिवाय खानदानी नसलेला सामान्य माणूसही 'सिंपल', आणि एकाच वनस्पतीचे औषधही 'सिंपल'. 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधला फाटका औषधविक्या 'सिंपल्स' खुडत असतो, ती औषधी झाडपाल्याची पाने असतात. तेथे कोणी 'मूर्ख गोळा करीत होता' असे लिहिले तर वाचक हसेल. आणि असे अनुवाद माझ्या हातून तपासून गेले आहेत.

सगळे शब्द खालीच जातात असे मात्र समजू नकोस. 'नाइस' हा लॅटिनमधल्या 'अजाण' या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंचमार्गे आला, आणि १३०० च्या सुमारास इंग्रजीत त्याचा अर्थ चक्क मूर्ख असा होता. पुढे तो नखरेल, चोखंदळ, मग बारकाईचा असा फिरत फिरत अठराव्या शतकात 'छान' या अर्थावर येऊन स्थिरावला. मधली पायरी अजूनही न्यायालयांच्या इंग्रजीत टिकून आहे: एखादा मुद्दा 'नाइस' आहे असे न्यायाधीश लिहितात तेव्हा तो सूक्ष्म आणि अवघड आहे असे त्यांना म्हणायचे असते. 'फाँड' हाही मूर्खपणाकडून मायेकडे गेला. शेक्सपिअरचा राजा लिअर शेवटी मुलीपुढे स्वतःला 'फाँड' म्हातारा म्हणवतो, तेथे 'प्रेमळ' लिहिलेस तर त्याचा सारा पश्चात्ताप पुसला जाईल.

कायद्यात आणि वैद्यकात जाणीवपूर्वक बसवलेल्या शब्दांची गत काय होते तेही पाहून ठेव. ग्रीकमध्ये 'इडिओटेस' म्हणजे सार्वजनिक पद नसलेला खासगी माणूस, मग न शिकलेला. इंग्रजी कायद्याने त्यातून जन्मतः बुद्धी नसलेल्यासाठी 'इडियट' ही संज्ञा केली. ती आपल्याकडेही आली. १९१२ च्या ल्युनसी (वेडेपणाविषयीच्या) कायद्याच्या व्याख्येत ती होती, आणि १९६३ च्या लिमिटेशन अ‍ॅक्टच्या सहाव्या कलमात, दाव्याची मुदत मोजताना ज्यांना सवलत मिळते त्यांच्या यादीत, हाच शब्द आढळतो. 'मोरॉन' तर अगदी अलीकडचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हेन्री गोडार्ड यांनी १९१० मध्ये 'मंद' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो घडवला, तो ८ ते १२ वर्षांचे मानसिक वय असलेल्या प्रौढांसाठी. कोणाच्या तोंडी नसलेला, कोरा, शास्त्रीय शब्द असावा हा हेतू. परंतु या वर्गीकरणाचा उपयोग माणसांना समाजापासून वेगळे काढण्यासाठी झाला, आणि १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता देताना 'इंबेसाइल'च्या, म्हणजे मंदबुद्धी माणसांच्या, तीन पिढ्या पुरे झाल्या, असे लिहिले. पुढे हे सर्व शब्द टाकून 'रिटार्डेड' म्हणजे 'वाढीस उशीर झालेला' असा मऊ शब्द घेतला. तोही शिवी झाला आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या संघीय कायद्यांतून काढावा लागला. मराठीत 'मतिमंद'चे काय झाले हे तुला शाळेच्या मैदानावर ऐकायला मिळाले असेलच.

'सिली' या शब्दाचा शेवटचा अवतार तुला क्रिकेटमुळे पाठ आहे. फलंदाजाच्या अगदी जवळ, चेंडू अंगावर येईल अशा जागी उभे राहणे हा वेडेपणा, म्हणून 'सिली पॉइंट'. येथे शब्दात थोडे कौतुकही परतले आहे असे मला वाटते. पण हे मत मुंबईत क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाचे आहे, ते तेवढ्यापुरतेच घे.

आपल्याकडे अगदी 'सिली'सारखाच प्रवास केलेला शब्द 'देवानांप्रिय' हा आहे. अशोकाने शिलालेखांत तो बिरुद म्हणून मिरवला, आणि भट्टोजी दीक्षितांच्या 'सिद्धान्तकौमुदी' या संस्कृत व्याकरणग्रंथात तोच शब्द मूर्ख या अर्थाने नोंदलेला आहे. देवाचा लाडका तो वेडा, ही कल्पना केवळ इंग्रजांची नाही.

आता करायचे काय? जुना मजकूर हाती घेतलास की त्याचे साल पानाच्या डोक्यावर लिही. मोठ्या ऑक्सफर्ड कोशात अर्थ कालक्रमाने आणि सालासह अवतरणे देऊन मांडलेले असतात. तेथे तुझ्या सालाच्या आसपासची अवतरणे वाच आणि आजचा अर्थ सर्वांत शेवटी बघ. अनोळखी शब्द तू शोधतोसच. तू फसतोस तो ओळखीच्या शब्दांपाशी. आणि मराठी प्रतिशब्द निवडतानाही हीच कसोटी लाव. मिल्टनच्या ओळीसाठी मी 'भोळे' सुचवीन, पण 'भोळा सांब' म्हणताना त्या शब्दाला जी उंची असते ती 'तू फारच भोळी आहेस' या वाक्यात उरत नाही. 'भाबडे' आणखी खाली गेला आहे. 'साधेसुधे' सुरक्षित आहे, मात्र त्यात देवाजवळचेपणा नाही. ओळ मोठ्याने वाचून मगच ठरव.

त्याच कडव्यात मेंढपाळ 'सिंप्ली' गप्पा मारतात, तेथे तू 'नुसत्या' असे लिहिले आहेस, तेही तपास. आणि देव त्यांच्यात राहायला आला तो 'काइंडली' आला असे मिल्टन म्हणतो, त्याचे तू 'कृपा करून' असे केले आहेस. 'काइंड' या नामाचा १६२९ मधला अर्थ काय होता, आणि तो 'जात', 'कूळ' व 'स्वभाव' यांच्या किती जवळचा होता, हे पाहून पुढच्या पत्रात कळव. मी उत्तर सांगत नाही.

तुझा,
एक जुना मास्तर