लग्नाच्या फोटोंसाठी १,८५,००० रुपये: द्यावेत का, आणि कुठून द्यावेत?

प्रश्न: माझं लग्न सहा महिन्यांनी साताऱ्यात आहे. आदल्या दिवशी हळद, दुसऱ्या दिवशी लग्न. फोटो-व्हिडिओचा खर्च माझ्या वाट्याला आलाय. पुण्यातल्या एका स्टुडिओने १,८५,००० अधिक जीएसटी असं कोटेशन दिलं. बाबांचं म्हणणं, साताऱ्यातला आपला नेहमीचा फोटोग्राफर दोन्ही दिवसांचे फोटो, व्हिडिओ आणि एक अल्बम ४५,००० मध्ये करून देतो, तेवढं पुरे. मामेभावाकडे चांगला कॅमेरा आहे, तो फुकट काढायला तयार आहे. होणारा नवरा म्हणतो, हेच पैसे वीस वर्षं फंडात ठेवले तर १७-१८ लाख होतील. माझी बचत ४,६०,००० आहे, त्यातले २,२०,००० लग्नाच्या बाकीच्या खर्चाला जाणार. हातात पगार ५२,०००, महिन्याचा खर्च ३१,०००, एसआयपी ८,०००. बँकेच्या ॲपवर दीड लाखाचं कर्ज १४ टक्क्यांनी, दोन वर्षांसाठी तयार दिसतंय. पुढच्या वर्षी पुण्यात फ्लॅट घ्यायचा विचार आहे. काय करू?

उत्तर: कर्ज घेऊ नका. दीड लाखावर १४ टक्के दराने चोवीस महिन्यांचा हप्ता साधारण ७,२०२ रुपये बसतो आणि व्याज जातं २२,८५० च्या आसपास. प्रोसेसिंग फी वेगळी. पण तुमच्या बाबतीत व्याजापेक्षा हप्ता जास्त महागात पडेल. पुढच्या वर्षी गृहकर्जाला गेलात की बँक चालू हप्ते वजा करूनच तुमची पात्रता काढते. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांच्या गृहकर्जाचा लाखाला हप्ता ८६८ रुपये येतो. म्हणजे ७,२०२ चा हप्ता चालू असेल तर मिळू शकणारं गृहकर्ज सव्वाआठ लाखांच्या आसपास कमी होईल. पुण्यात तेवढ्यावर फ्लॅट हातचा जाऊ शकतो.

तुमच्या होणाऱ्या नवऱ्याचं गणित चूक नाही. १२ टक्के परतावा धरला तर १,८५,००० चे वीस वर्षांत १७ लाख ८५ हजार होतात. फक्त हाच हिशोब शालूला, बँडला आणि जेवणाच्या ताटालाही लागू पडतो, मग फोटोंवरच का लावायचा? अशा आकड्याने खर्चाची लाज वाटते, खर्च किती करावा हे कळत नाही.

ते कळायला साधी वजाबाकी पुरते. ४,६०,००० मधून लग्नाचे २,२०,००० गेले की २,४०,००० उरतात. चार महिन्यांचा खर्च, म्हणजे १,२४,०००, अडीअडचणीसाठी हात न लावता ठेवा. दोघंही कमावते आहात म्हणून चार महिने म्हणतो, एकटीच कमावती असतात तर सहा म्हटलं असतं. उरले १,१६,०००. पगारातून एसआयपी न थांबवता महिन्याला १३,००० वाचतात, सहा महिन्यांत ७८,००० होतील. त्यांचा विचार फोटोंसाठी करू नका, कारण लग्नाचा २,२०,००० चा अंदाज २,२०,००० वर थांबत नाही. आहेराच्या पाकिटांवरही भिस्त नको. तेव्हा जीएसटी, प्रवास, अल्बम सगळं धरून फोटोंसाठी कमाल १,१६,०००.

स्टुडिओचं कोटेशन जीएसटीसकट २,१८,३०० होतं, म्हणजे जवळपास दुप्पट. पण ते फाडून टाकू नका, तुम्ही पाठवलेली फोड वाचण्यासारखी आहे. प्री-वेडिंग २५,०००, दोन दिवसांचे कँडिड (पोझ न घेता सहज टिपलेले) फोटो ४०,०००, ट्रॅडिशनल (विधींचे आणि स्टेजवर उभं करून काढलेले) फोटो २०,०००, ट्रॅडिशनल व्हिडिओ २०,०००, सिनेमॅटिक व्हिडिओ ३५,०००, ड्रोन १०,०००, दोन अल्बम ३५,०००. यातल्या काही गोष्टी त्या दिवशी झाल्या नाहीत तर पुन्हा कधीच होणार नाहीत. काही वर्षभराने घेतल्या तरी चालतात, आणि काही नसल्या तरी लग्न लागतं. पैसा पहिल्या प्रकारावर घाला.

अल्बम दुसऱ्या प्रकारातला. बारा बाय छत्तीस इंचांचा तीस शीटचा अल्बम म्हणजे साठ पानं आणि त्यासाठी सव्वाशे ते दीडशे फोटो निवडणं. हे काम लग्नानंतर महिनोन्‌महिने रेंगाळतं, घरोघरचा अनुभव आहे. पूर्ण रिझोल्यूशनच्या एडिट केलेल्या फाइल हातात असल्या तर कुठल्याही लॅबमधून पुढच्या दिवाळीला अल्बम करता येतो. आज त्यासाठी ३५,००० अडकवायचं कारण नाही. ड्रोन तिसऱ्या प्रकारातला: छताखालच्या मंगल कार्यालयात त्याला काम नाही, बाहेरून इमारतीचे दोन शॉट मिळतील. प्री-वेडिंगही तिथेच, मात्र हौस असेल तर तेवढ्यासाठी मामेभाऊ आणि सकाळी सातचा कास रस्ता पुरेसा आहे.

सिनेमॅटिक ३५,००० वर तुमचा जीव अडकला असणार. चार मिनिटांची ती फिल्म सुंदर दिसते, पण तुमच्या मर्यादेत ती बसवायची तर माणसं कमी करावी लागतील, आणि माझा कल माणसांकडे आहे. त्याचं कारण अंतरपाट. तो खाली येतो त्या दोन-तीन सेकंदांत वधू-वर समोरासमोर असतात, अक्षता उडत असतात, पुढे दहा-बारा मोबाइल वर झालेले असतात. एका कॅमेऱ्याला त्या वेळी एकच चेहरा मिळतो, दुसऱ्याची पाठ. दोन्ही चेहरे हवे असतील तर दोन बाजूंना दोन फोटोग्राफर लागतात. त्याला पर्याय नाही.

म्हणून माझा सल्ला असा: बाबांचा फोटोग्राफरही घ्या आणि पुण्याचा कँडिडवालाही, पण त्याच्याकडून फक्त कँडिड. साताऱ्याच्या माणसाला गौरीहर, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी, सूनमुख हा क्रम पाठ असतो. स्टेजवर कुठल्या आत्याला कुणाशेजारी उभं करायचं हेही त्याला सांगावं लागत नाही. शिवाय घरच्यांसाठी अल्बम आणि पूर्ण व्हिडिओ त्याच ४५,००० मध्ये येतो. तो लांबलचक व्हिडिओ कुणी बघत नाही, असं सगळे म्हणतात. आजी-आजोबांचा आवाज मात्र त्यातच राहतो. कँडिडचे ४०,००० अधिक १८ टक्के म्हणजे ४७,२००. त्याचा आणि मदतनिसाचा पुणे-सातारा प्रवास व मुक्काम ६,००० धरा. एकूण ९८,२००. उरलेल्या १७,८०० मध्ये पुढच्या वर्षी कँडिड फोटोंचा एक चांगला अल्बम होतो.

अडचण एकच येते. दोन वेगवेगळी माणसं एकाच स्टेजवर आली की भांडणं होतात ती दिव्यावरून. व्हिडिओवाल्याचा झगझगीत दिवा समोरून लागला की कँडिडचे चेहरे सपाट होतात. दोघांचं फोनवर आधी बोलणं करून द्या: दिवा कुठे असेल, अंतरपाटाला कोण वधूच्या बाजूला, कोण वराच्या.

दाट मुहूर्ताची तारीख असेल तर स्टुडिओ एकट्या कँडिडला नाही म्हणेल. मग स्वतंत्र काम करणारा कँडिड फोटोग्राफर शोधा. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी लावताही येत नाही. लावणाऱ्याचा क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकून नाव जुळतंय का पाहा. ‘बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील’ हे ऐकायला बरं वाटतं, पण पुढे फोटो मिळाले नाहीत तर हातात काहीच राहत नाही. नोंदणी नसली तरी साधं बिल घ्या आणि पैसे यूपीआयने द्या.

मामेभावाला लग्नाच्या दिवशी काम देऊ नका. मामा तुमच्या मागे उभे असताना त्यांचा मुलगा घरच्या फोटोत हवा, कॅमेऱ्यामागे नाही. कार्यालयात पिवळे बल्ब, जांभळे एलईडी आणि होमाचा धूर यांत फ्लॅश सांभाळणं हे सवयीचं काम आहे, नुसत्या चांगल्या कॅमेऱ्याने ते जमत नाही. केळवण आणि मेंदी मात्र खुशाल त्याच्याकडे द्या.

करारात पहिली ओळ माणसाच्या नावाची हवी. एकाच मुहूर्ताला तीन-तीन ऑर्डर घेतल्या जातात आणि नमुन्याचे फोटो काढणारा एक, तुमच्याकडे येणारा दुसराच, असं होतं. फोटो कोण काढणार त्याचं नाव लिहून घ्या. नमुने बघतानाही निवडक वीस फोटो बघू नका, एका लग्नाचे सगळे फोटो मागा. संध्याकाळच्या, कमी उजेडातल्या फोटोंवरून खरी परीक्षा होते.

बुकिंगला ५० टक्के, लग्नाच्या दिवशी ४०, शेवटी १० ही पद्धत रूढ आहे. ९० टक्के हातात पडल्यावर तुमचं एडिटिंग रांगेत मागे जाणार, हे उघड आहे. २५ बुकिंगला, ४० लग्नाच्या दिवशी, ३५ फोटो मिळाल्यावर, असं मागा. शेवटच्या हप्त्यात ३० वर तडजोड झाली तरी हरकत नाही. किती तास, त्यानंतर तासाला किती, फोटो किती दिवसांत, लग्नाची तारीख पुढे गेली तर आगाऊ रकमेचं काय, हेही लिहून घ्या.

‘सर्व हक्क स्टुडिओकडे’ अशी ओळ दिसली तर खोडून मागा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. त्यांना फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे असतील आणि तुमची हरकत नसेल, तर ती परवानगी फुकट देऊ नका, त्यावर दोन-चार हजार कमी होतात का बघा.

कॅमेऱ्यात दोन कार्डांवर एकाच वेळी नोंद होते का, हे विचारायला लाजू नका. एकच कार्ड असलं आणि ते बिघडलं तर भरपाई मिळेल, सप्तपदी मिळणार नाही. दोन दिवसांचे तीन हजार रॉ (कॅमेऱ्यातले मूळ, एडिट न केलेले) फोटो ८० ते ९० जीबी होतात. ४के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिट या दराने तासाला ४५ जीबी जागा घेतो. म्हणजे एक टीबीची हार्ड डिस्क पुरते, पण दोन घ्या: एक तुमच्याकडे, एक आई-बाबांकडे. स्टुडिओ डेटा किती महिने ठेवणार तेही विचारून ठेवा. आणि शेवटचा हप्ता डिस्कमधल्या दोन्ही दिवसांच्या फाइल उघडून बघितल्यावरच द्या. एवढं करूनही कुणी अडवलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला अर्जाचं शुल्क नाही.